म्हशींतील रोगप्रतिकारक जनुके आणि खानदेशातील दुग्धव्यवसाय : एक चिकित्सा

२०२२ च्या साथीत महाराष्ट्रात लम्पी त्वचारोग प्रथम आढळला तो ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील चिनावल (ता. रावेर) येथे. त्या साथीत गोवंशाची मोठी हानी झाली. म्हशी बहुतांशी बचावल्या. यावरून म्हैस मुळातच काटक, असा निष्कर्ष काढणे अपुरे होय. घटसर्पाला गायीपेक्षा म्हैसच अधिक बळी पडते. शिवाय हा दोन प्रजातींमधील भेद आहे. पैदाशीसाठी उपयोगी पडतो तो म्हशी-म्हशींमधील भेद.

या दुसऱ्या भेदाच्या संशोधनात २००६ मधील इटलीतील अभ्यास महत्त्वाचा आहे. ‘एनरॅम्प-१’ जनुकाच्या एका रूपाचा ब्रुसेलोसिसच्या, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताच्या प्रतिकाराशी संबंध असल्याचे त्यात दिसले. हा जनुक भक्षक पेशींत कार्य करतो आणि गिळलेल्या जंतूंना आवश्यक धातूंपासून वंचित ठेवतो. त्या रूपाच्या म्हशींच्या पेशींनी प्रयोगशाळेतही जंतूंची वाढ अधिक रोखली, हे या अभ्यासाचे बलस्थान. परंतु २००७ मध्ये ब्राझीलमधील गायींच्या अभ्यासात जनुकाच्या त्याच भागातील भेदांचा असा संबंध आढळला नाही. एका कळपातील निष्कर्ष सार्वत्रिक मानता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

जळगाव-धुळे परिसरात ही अडचण अधिक तीव्र होते. येथे गावठी म्हशींबरोबर मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा आणि त्यांचे संकर आढळतात. मुऱ्हा म्हशीला चांगला गोठा व सकस चारा मिळाला, तर गोठ्याचे श्रेय जनुकाला दिले जाण्याचा धोका संभवतो. वंशावळ आणि संगोपन यांचा हिशेब न ठेवता केवळ रक्तनमुन्यांवरून काढलेला ‘प्रतिकारक जनुक’ म्हणूनच संशयास्पद ठरतो.

त्याहून मोठी उणीव नोंदींची आहे. म्हैस गाभडली की तपासणीऐवजी तिला बाजार दाखविला जातो. रोग दुसऱ्या गोठ्यात पोहोचतो, अभ्यासकाच्या हाती काहीच उरत नाही. हा रोग माणसालाही होतो. त्यामुळे प्रश्न गवळ्याच्या उत्पन्नापुरता मर्यादित राहत नाही.

सारांश, जनुकीय संशोधन त्याज्य नाही. त्याचा क्रम चुकतो आहे. कानातील बारा अंकी बिल्ल्याशी वंशावळ, गर्भपात, स्तनदाह आणि लसीकरण यांच्या नोंदी प्रथम जोडल्या जाव्यात. तोवर चार ते आठ महिन्यांच्या वगारींना ब्रुसेलोसिसची लस देणे हाच खानदेशातील पशुपालकाला देता येणारा खात्रीचा सल्ला होय.