कार्ल्याचें दानशासन व दिव्यांगांचा कायदा

कायद्याचे ग्रंथ हा वाङ्मयीन टीकेचा विषय होय, असें सहसा कोणी मानीत नाहीं. परंतु ज्या शब्दांवर एखाद्या पांगळ्या माणसाचा निवारा व निर्वाह अवलंबून असतो, त्यांची परीक्षा काव्याच्या परीक्षेहून कमी अगत्याची नव्हे. अशा परीक्षेस लागणारें माप आपल्या मावळांतच, कार्ल्याच्या लेण्यांत, कोरलेलें आहे.

नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें वलूरक येथील, म्हणजे याच, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या यतींच्या निर्वाहासाठीं करजिक हें गांव दिलें. पंथाचा वा मूळ ठिकाणाचा भेद न करितां, जो कोणी तेथें पावसाळा काढील त्या सर्वांसाठीं हें दान होतें. पुढें एका सातवाहन राजानें या गांवाविषयीं आज्ञा केली, ती मामाड येथील, म्हणजे मावळांतील, अमात्यास उद्देशून. राजपुरुषांनीं गांवांत शिरूं नये, मिठासाठीं खणूं नये, असे परिहार सांगून दानाची नोंद करण्याचें कामहि त्याच अमात्यावर सोंपविलें. यतींनीं करावयाच्या खटपटीविषयीं लेखांत एक अक्षर नाहीं.

आतां २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचावा. यति हे दानाचे अधिकारी. दिव्यांग हा हक्काचा धनी. ही या कायद्याची थोरवी निःसंशय मोठी आहे. ज्यांचें अपंगत्व शेंकडा चाळीस वा अधिक, त्यांच्यासाठीं सदतिसाव्या कलमानें घरांच्या वाटपांत शेंकडा पांच वांटा राखिला आहे. चोविसावें कलम म्हणतें कीं, त्यांचें साहाय्य तशाच इतर योजनांहून निदान शेंकडा पंचवीसनें अधिक असावें. परंतु त्याच कलमाच्या आरंभीं सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घातली आहे, आणि वाक्याचा जोर तेथेंच गळतो.

दुसरा दोष रचनेचा आहे. कार्ल्याच्या लेखांत निवारा व निर्वाह एकत्र आहेत. येथें ते निरनिराळ्या दारांत वांटले गेले. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीं सरकारी रुग्णालय, संजय गांधी निराधार योजनेसाठीं वडगांवची तहसील कचेरी, घरकुलासाठीं ग्रामपंचायत. १९८० साली सुरू झालेल्या या योजनेंत दिव्यांगांची रक्कम २०२५ साली दरमहा १५०० वरून २५०० रुपये करण्याचें ठरलें. तेवढ्यांत औषध व घरभाडें दोन्हीं भागावींत, ही अपेक्षा कठीण. ग्रामपंचायतीनें स्वउत्पन्नांतील शेंकडा पांच भाग दिव्यांगांसाठीं खर्चावा असाहि नियम आहे. पण ज्याला तो ठाऊक नाहीं, तो मागणार कसा?

म्हणून शेजाऱ्यास साहाय्य करूं इच्छिणाऱ्यानें नुसता सल्ला देऊं नये. आधीं दाखला, मग मासिक साहाय्य व घरकुल, असा क्रम लावून बरोबर जावें आणि प्रत्येक अर्जाची पोंच घ्यावी. परंतु शेजाऱ्याचें सौजन्य हा कायद्याचा पाया होऊं शकत नाहीं. तक्रार ऐकावयास आयुक्त आहेत. तक्रारीपूर्वीच हक्क घरीं पोंचविणारा मात्र या संहितेंत सांपडत नाहीं. मामाडच्या अमात्याची ती जागा प्रत्येक तालुक्यांत भरली पाहिजे.