नदीचे गाणे आणि नदीचा प्रश्न : राहुल राम यांच्या संगीतातील पर्यावरणभान

प्रस्तावना

पर्यावरणविषयक साहित्य व संगीत यांची चर्चा करताना सामान्यतः आशयालाच प्राधान्य दिले जाते. गीताच्या शब्दांत प्रदूषण, जंगलतोड वा विस्थापन यांचा उल्लेख आला की ते गीत पर्यावरणवादी ठरते. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीतील वाद्यवृंदाचे गायक व बास गिटारवादक राहुल राम यांची कारकीर्द ही समजूत तपासून पाहावयास लावते. त्यांच्या सर्वपरिचित नदीगीतात यांपैकी एकही प्रश्न शब्दरूपाने येत नाही. तरीही ते गीत नर्मदेच्या संघर्षापासून वेगळे काढता येत नाही. हे कसे घडते आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आंदोलन आणि संगीत

राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. भारतात परतल्यावर नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ते नर्मदा बचाव आंदोलनात कार्यरत होते. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या वाद्यवृंदात ते १९९१ मध्ये सामील झाले. म्हणजे आंदोलन आणि संगीत हे त्यांच्या आयुष्याचे एकापाठोपाठचे टप्पे नसून दोन्हींचा काळ एकच होता.

हा काळ खोऱ्याच्या दृष्टीने निर्णायक होता. सरदार सरोवर प्रकल्पाची चिकित्सा करणारा मोर्स समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि १९९३ मध्ये जागतिक बँकेचा कर्जपुरवठा थांबला. महाराष्ट्रातील तेहतीस गावे या प्रकल्पाच्या बुडितक्षेत्रात येत होती. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांतील आरंभी बुडालेले गाव. राहुल राम यांच्या गाण्यामागे या खोऱ्यातील प्रत्यक्ष वावर आहे, ही बाब समीक्षेने दुर्लक्षिता कामा नये.

‘मा रेवा’ : स्तुतीतून शोक

‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे पारंपरिक लोकगीत ‘कंदिसा’ या २००० सालच्या संग्रहात समाविष्ट झाले. त्याची भाषा निमाडी वळणाची आहे. निर्मळ पाणी, त्याचे खळाळत वाहणे, अमरकंटकचा उगम आणि नदीने लोकांवर केलेले उपकार एवढाच त्याचा आशय. धरण, शासन, विस्थापन यांचा त्यात निर्देशही नाही. परंतु त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धरणाच्या बांधकामास अनुमती दिली. वाहत्या पाण्याची स्तुती करणारे गीत आणि ते पाणी अडविण्यास मिळालेली मान्यता एकाच वर्षातील ठरली. त्यामुळे ‘वाहणे’ या साध्या क्रियापदाला शोकाची छटा आली. ती शब्दांनी नव्हे, काळाने दिली.

संगीतरचनाही या अर्थाला पूरक आहे. भजनातील पुनरावृत्ती तीत कायम आहे. तिच्याभोवती गिटार, ड्रम्स आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला यांची लय उभी राहते. सायकेडेलिक रॉक संगीतातील लांबलेल्या, श्रोत्याला गुंगवणाऱ्या आवर्तनांशी भजनाच्या आवर्तनांचे नाते येथे जुळते. राहुल राम यांचा आवाज कमावलेल्या शास्त्रीय गायकाचा नाही. मोकळ्या मैदानात समूहाला साद घालणाऱ्याचा आहे.

मर्यादा

तथापि काही प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. ‘मा रेवा’ हे नर्मदेला माता मानणाऱ्या निमाडच्या भक्तिपरंपरेचे गीत आहे. डोंगरातील भिल्ल, भिलाला, पावरा समाजांच्या नदीविषयक कल्पना तीहून भिन्न आहेत. अमिता बाविस्कर यांच्या १९९५ सालच्या अभ्यासग्रंथात नोंदलेली ‘गायणा’ ही भिलालांची सृष्टिकथा याची साक्ष देते. ज्यांची गावे प्रथम बुडाली, त्यांची भाषा या लोकप्रिय गीतात नाही.

दुसरा प्रश्न श्रोत्याचा. ज्या श्रोत्याला खोऱ्याचा इतिहास ठाऊक नाही, त्याच्यासाठी हे केवळ प्रसन्न नदीगीत उरते. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले. गाणे मात्र सभागृहांतून गाजतच राहिले. गीताचा अर्थ संदर्भावर अवलंबून असेल, तर संदर्भ पुसला जाताच त्यातील निषेधही लोपतो. हा दोष एकट्या गायकाचा नाही. आंदोलनातून आलेल्या कोणत्याही कलाकृतीपुढील हा धोका आहे.

उत्तरकाळ

राहुल राम यांनी बाजारपेठेपासूनही काही अंतर राखले. असीम चक्रवर्ती यांचे २००९ मध्ये निधन झाले. त्यांचा सहभाग असलेला ‘१६/३३० खजूर रोड’ हा संग्रह वाद्यवृंदाने २०१० पासून महिन्याला एक गीत याप्रमाणे विनामूल्य उपलब्ध करून दिला. लोकांकडून आलेले गीत लोकांना परत करण्याच्या भूमिकेशी हा निर्णय सुसंगत वाटतो. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडल्यानंतरही ‘तंदानू’ (२०१४) व ‘मसान’ (२०१५) या चित्रपटाचे संगीत यांतून हा प्रवास चालू राहिला.

समारोप

शिरूर व दौंड परिसरातील अध्यापकाला या कारकिर्दीतून एक निकडीचा प्रश्न मिळतो. पुणे शहराचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा या दोन तालुक्यांच्या सीमेवर भीमेस मिळते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यात पोहोचतो. या काठावरील स्त्रियांनी जात्यावर गायिलेल्या ओव्यांत नदी माहेर, सखी, माता अशा रूपांत येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रातून संकलित झाल्या. मात्र केवळ ओवी जतन केल्याने नदी जतन होत नाही. ज्या पाण्याविषयी ती ओवी आहे, त्या पाण्याची आजची अवस्था विद्यार्थ्यासमोर ठेवली, तरच जुन्या स्तुतीतील वेदना त्याला ऐकू येईल. ‘मा रेवा’ची थोरवी आणि तिची उणीव ही दोन्ही हेच सांगतात : गाणे नदीची आठवण राखते, परंतु त्या आठवणीचा अर्थ राखण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर आणि शिकविणाऱ्यावर येते.