दुकान भरलेलं, पण निवड कुठे?

मोबाईलच्या दुकानात भिंतभर फोन दिसतात आणि आपल्याला वाटतं, निवडीला तोटा नाही. पण जरा पाटी उलटून बघू. ओप्पो, विवो, वनप्लस, रिअलमी ही चारही नावं चीनच्या बीबीके या एकाच गोतावळ्यातली. रेडमी आणि पोको दोन्ही शाओमीच्या घरातून निघालेली. मायक्रोमॅक्स २०१४ च्या सुमारास सॅमसंगला घाम फोडत होती; ४जी आलं, स्वस्त चिनी फोन आले, आणि ती मागे पडली. एलजीने तर २०२१ मध्ये फोनचा धंदाच आवरला.

तरी आमच्या मते खरी अडचण ब्रँडची नाहीच, ती फोनच्या आत आहे. विंडोज फोन गेला, ब्लॅकबेरी गेला. उरलं काय, तर अँड्रॉइड नाहीतर आयफोन. प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलची बाकी ॲप्सही घ्या, अशी फोन कंपन्यांवर सक्ती होती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. निदान बरोबरच होतं. पेपरात गाजला तो दंडाचा आकडा. आपल्या कामाचे होते ते वागणूक बदलण्याचे आदेश. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार आदेश रद्द केले. त्यातलाच एक, आधीपासून भरलेली ॲप्स ग्राहकाला काढून टाकू द्या, हा! नेमका हाच जावा, याला काय म्हणायचं?