उत्तरार्धाला लागलेली झोप

पूर्वार्धाने घातलेले कोडे उत्तरार्धाने सोडवावे, ही कथेची साधी अट. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेतील ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ ही गाजलेली दोन भागांची विज्ञानकथा तेथेच कमी पडते.

१८ जून १९९० च्या पहिल्या भागात ‘बोर्ग’ हे अर्धे मानव, अर्धे यंत्र असलेले शत्रू कप्तान पिकार्डला पळवून आपल्यातलाच एक करून टाकतात. स्वतंत्र जहाजाचे कप्तानपद वारंवार नाकारणारा रायकर आपल्याच कप्तानावर मारा करण्याचा हुकूम सोडतो, आणि भाग संपतो. दुसऱ्याच्या सावलीत रमलेला हा माणूस मोठ्या खुर्चीत बसेल काय, हे खरे कोडे.

लेखक मायकेल पिलर यांनी शेवट न ठरवताच पहिला भाग लिहिला होता. २४ सप्टेंबरच्या भागात ते जाणवते. रायकर पिकार्डला सोडवून आणतो, इथवर ठीक. मग यंत्रमानव डेटा पिकार्डच्या मेंदूमार्फत बोर्गांना झोपवतो, आणि घोडे गंगेत न्हाते! रायकर निमूट दुय्यम जागी परततो.

आमच्या कतारगामातले हिऱ्याचे कारागीर जाणतात : तळाचे पैलू चुकले, तर वरचे कितीही घासा, हिरा तेज धरत नाही.

१ ऑक्टोबरच्या ‘फॅमिली’ या भागात पिकार्ड भावाच्या द्राक्षमळ्यात, चिखलात बसून रडतो. त्याच्या जखमेचा हिशेब तिथे होतो. रायकरचा मात्र बाकीच राहतो.