मौन आणि कोलाहल : ‘द हू’च्या ध्वनिमुद्रिकांच्या नव्या आवृत्त्या

नगरहून दौंडच्या रस्त्यास लागलें म्हणजे थोड्याच वेळांत अरणगांव येतें. तेथील टेकडीवर मेहेरबाबांची समाधि आहे. ज्या सत्पुरुषानें १० जुलै १९२५ रोजीं मौन धरलें व ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत तें सोडलें नाहीं, त्याचा एक नामांकित भक्त जगांतील अत्यंत कर्णकर्कश वाद्यवृंदांपैकीं एकाचा रचनाकार असावा, हा योग विलक्षण खरा. लंडनच्या ‘द हू’ या चौकडीचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा तो भक्त. आज ज्यास ‘हेवी मेटल’ म्हणतात त्या दणदणाटी संगीताच्या पूर्वजांत या मंडळींची गणना होते. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका १९९५ पासून पुनःपुन्हा वाढवून निघत आल्या आहेत. त्या ओळीनें ऐकण्याची संधि आम्हांस नुकतीच मिळाली.

१९६९ मधील ‘टॉमी’ हें त्यांचें गाजलेलें कथागीत. गुरूनें बोलणें टाकलें होतें. शिष्याच्या नायकास तर दृष्टि, श्रवण व वाचा तिन्ही नाहींत. वेष्टनावर बाबांचें नांवहि आहे. कल्पनेचें धाडस मान्य करूनहि स्पष्ट सांगावयाचें तर हें स्टुडिओंतील काम आम्हांस बेताचेंच वाटतें. गिटारीवर गिटार चढविली आहे, मधून मधून फ्रेंच हॉर्न वाजतो, सारें घांसूनपुसून ठेवलें आहे. पण कथानक पुढें ढकलण्यासाठीं घातलेलीं कांहीं पदें नाटकांतल्या निरोप्यासारखीं येऊन जातात.

तींच पदें १४ फेब्रुवारी १९७० रोजीं लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहांत विद्यार्थ्यांपुढें झालीं, आणि त्यांत प्राण आला. एक गिटार, एक बास, ड्रम आणि गळे, एवढीच सामग्री. ठेका धरणें हें तबलजीचें कर्तव्य मानणाऱ्या आपल्या कानांस कीथ मून प्रथम बेतालच वाटेल. तो ठेका धरीत नाहीं, गाणाऱ्याशीं भांडतो. काल धरून ठेवण्याची जबाबदारी गिटारीवर पडते, आणि जॉन एंटविसलचा बास साथ न करतां स्वतंत्र चालीनें हिंडतो. या ओढाताणींतूनच तो आवेश निर्माण होतो.

परंतु हें श्रोत्यांस कळण्यास एकतीस वर्षें लागलीं. १९७० सालीं त्या मैफलींतील सहाच गाणीं साध्या वेष्टनांत निघालीं. खरखर ऐकूं येईल ती तशीच राहूं द्यावी अशी हस्ताक्षरांतली सूचना तबकडीवर होती. १९९५ च्या आवृत्तींत गाणीं चौदा झालीं आणि ती खरखर यंत्रानें काढून टाकण्यांत आली. तिच्याबद्दल आम्ही रडत नाहीं. २००१ सालीं त्या रात्रींचा ‘टॉमी’ बाहेर आला, हा मोठाच लाभ. मात्र मैफलीच्या मध्यावर झालेला हा भाग उचलून दुसऱ्या तबकडीवर टाकला आहे. याहून गंभीर गोष्ट २०१० ची. दुसऱ्या दिवशींच्या, हल येथील मैफलीच्या आरंभींच्या कांहीं गाण्यांत बास मुद्रित झाला नव्हता. तेथें लीड्सचा बास बसविला. एका रात्रींचा खर्ज दुसऱ्या रात्रींच्या गळ्याखालीं! स्टुडिओंत हें खुशाल करावें. पण जिवंत मैफल म्हणून विकावयाच्या वस्तूंत अशी ठिगळें आम्हांस रुचत नाहींत. वाढवा, पण सांधूं नका, इतकेंच आमचें मागणें.

१९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’चें पहिलें गीत ‘बाबा ओ’रायली’. त्यांतील बाबा ते आपलेच. रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन रचनाकार. २०२३ च्या आवृत्तींत या एका संग्रहाभोंवतीं दहा तबकड्या व १५५ मुद्रणें रचलीं आहेत. अभ्यासकाची सोय झाली, रसिकाची दमछाक. उलट टाउनशेंडचा १९७२ चा ‘हू केम फर्स्ट’ हा एकट्याचा संग्रह, २०१८ सालीं वाढवून निघालेला, जरूर ऐकावा. त्यांत बाबांची परवरदिगार-प्रार्थना त्यानें अगदीं संथ स्वरांत बांधली आहे, आणि हिंदुस्थानांत गाइलेलें एक गीतहि नव्यानें जोडलें आहे. येथें ध्वनिवर्धक जणूं अरणगांवच्या वेशीबाहेरच ठेवले आहेत.

लीड्सची २००१ ची आवृत्ति ज्याला मिळेल त्यानें ‘अ क्विक वन’ संपतांच पहिली तबकडी थांबवावी, दुसरी लावून ‘टॉमी’ ऐकावा, आणि मग पहिलीकडे परत यावें. मैफल त्याच क्रमानें झाली होती.