क्लबाच्या इतिहासांतील दार

खासगी क्लबांचे इतिहास बहुधा विजेत्यांच्या नामावळींनीं भरलेले असतात. दार कोणास उघडलें व कोणास बंद राहिलें, हें सांगणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. स्कॉटलंडमधील 'ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरो गोल्फर्स' ही संस्थाच घ्या. १७४४ सालीं एडिंबरो शहरानें दिलेल्या चांदीच्या गोल्फ-काठीसाठीं लीथच्या सार्वजनिक माळावर सामना झाला. त्यासाठीं केलेले १३ नियम ही या खेळाची सर्वांत जुनी उपलब्ध नियमावली. चेंडू कसा मारावा हें तींत आहे. कोणीं मारावा याविषयीं अक्षर नाहीं. तरी १७६४ सालीं स्पर्धा सभासदांपुरती झाली, आणि १८९१ सालीं संस्था मुइरफील्डच्या मैदानावर गेली.

स्त्रियांस सभासद करण्याचा ठराव २०१६ सालीं बहुमत मिळूनहि दोन-तृतीयांश मतांअभावीं फसला. त्यासरशी 'ओपन' स्पर्धा भरविण्याचा मान गेला, आणि दहा महिन्यांत ठराव संमत झाला! एवढ्यांत न्यायबुद्धि जागी झाली असें मानण्यापेक्षां मानहानि झोंबली असें मानणें आम्हांस सयुक्तिक वाटतें. पहिल्या स्त्रिया २०१९ सालीं आंत आल्या. न लिहिलेला नियम खोडावयास पावणेतीनशें वर्षें लागलीं.