स्वातंत्र्यदिनी न झालेले भाषण

केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो मे २०२५ मध्ये निवर्तले. त्यांच्या ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीकडे या निमित्ताने आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. योहानाच्या शुभवर्तमानात मातीत पडून मरणारा जो गव्हाचा दाणा आहे, त्यावरून तिचे नाव ठेवले आहे. हे नाव शोभेपुरते नाही.

कथानक जेमतेम चार दिवसांचे. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. तो दिवस व त्याच्या आधीचे काही दिवस, आणि थबाई नावाचे गिकुयू लोकांचे एक काल्पनिक खेडे. परंतु या चार दिवसांच्या पोटात मागची कित्येक वर्षे दडलेली आहेत. डोंगराळ प्रदेशातील सुपीक जमिनी गोऱ्या मळेवाल्यांनी बळकावल्या, त्या संतापातून माऊ माऊंचा सशस्त्र लढा पेटला आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये इंग्रज सरकारने आणीबाणी पुकारली. एक हजाराहून अधिक माणसे फासावर गेली, असंख्य लोक छावण्यांत डांबले गेले. मार्च १९५९ मध्ये होला येथील छावणीत ११ बंदिवानांना पहारेकऱ्यांनी बडवून ठार केले. कादंबरीतील रिरा छावणीचे वर्णन वाचताना होलाची आठवण टाळता येत नाही.

थबाईचा हुतात्मा किहिका. मिशनच्या शाळेत असताना बायबलच्या अर्थावरून त्याने शिक्षकाशी वाद घातला आणि छडी खाण्याऐवजी शाळाच सोडली. बायबल मात्र सोडले नाही. राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ आलेल्या त्याच ग्रंथात त्याला मोशे भेटला, फारोच्या दास्यातून सुटणारी प्रजा भेटली, आणि त्या ओळी त्याने लाल शाईने अधोरेखित केल्या. आम्हांस हा भाग विशेष मोलाचा वाटतो. पवित्र ग्रंथ कोणाच्या हातून आला यावर तो कोणाचा हे ठरत नाही, हे न्गुगींनी येथे कोणतेही प्रवचन न करता दाखविले आहे.

किहिकाला फाशी झाली. कोणीतरी फितूर झाले होते. स्वातंत्र्यदिनी त्या फितुराला सर्वांसमक्ष उघडे पाडायचे, असा त्याच्या साथीदारांचा बेत आहे. संशय आहे तो इंग्रजांच्या चाकरीत गेलेल्या करंजावर. मुख्य भाषणासाठी गावाने निवडला आहे मुगो. अबोल, एकटा, छावणीत छळ सोसूनही न वाकलेला. पुढचे सांगितल्यावाचून या कादंबरीविषयी काही बोलताच येत नाही, म्हणून सांगतो : किहिकाला धरून देणारा मुगोच आहे. करंजावर आळ येणार त्या घटकेला तो उठतो आणि भाषणाऐवजी आपला अपराध सांगतो.

कॅथलिक वाचक येथे थबकल्याशिवाय राहणार नाही. पापनिवेदन झाले; क्षमा कोठे आहे? मुगोला बाजूला नेऊन त्याचा निवाडा केला जातो, आणि तो पुन्हा गावात दिसत नाही. निवाड्यास बसलेली वृद्ध वांबुई मागाहून अस्वस्थ होते, परंतु तिची अस्वस्थता आता कोणाच्या कामी येणार? आमच्या मते मातीत पडलेला दाणा किहिकाइतकाच मुगोही आहे. त्याच्या बोलण्यानंतरच इतरांना आपापल्या घरातील असत्याकडे पाहण्याचा धीर येतो.

कारण येथे निर्दोष असे कोणीच नाही. सुतार गिकोन्योने छावणीत घेतलेल्या शपथेची कबुली देऊन सुटका मिळविली; घरी येतो तो पत्नी मुंबीच्या कडेवर करंजाचे मूल. शिवाय नवे राज्य येते तेही कसे, तर गोऱ्या मळेवाल्याचा जो मळा गावकऱ्यांना मिळून घ्यायचा होता, तो त्यांचाच खासदार परस्पर विकत घेतो!

दोष सांगायचे तर आठवणीच्या पोटात आठवण अशी रचना वाचकाची बरीच परीक्षा पाहते, आणि थॉम्पसन हा इंग्रज अधिकारी माणसापेक्षा मताचाच पुतळा वाटतो. भारतीयांचेही तसेच. ते येथे दुकानदारीपलीकडे फारसे जात नाहीत. नैरोबीत १९२७ साली गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले पिओ गामा पिंटो यांनी याच लढ्यासाठी कारावास भोगला आणि स्वतंत्र केनियात १९६५ साली त्यांचा खून झाला, हे आमच्या वाचकांनी सोबत ठेवून वाचावे.

प्रत्यक्ष केनियाने हे स्मरण फार उशिरा केले. माऊ माऊंवरील वसाहतकालीन बंदी उठली ती २००३ साली. इंग्रज सरकारने खेद व्यक्त करून ५,२२८ जणांना भरपाई देऊ केली ती २०१३ साली. कादंबरी मात्र १९६७ मध्येच या जखमेपाशी बसली होती.

शेवटी गिकोन्यो रुग्णालयात पडून आहे. मुंबीसाठी एक लाकडी आसन घडवावे, त्यावर एक गर्भवती स्त्री कोरावी, असे त्याच्या मनात आहे. मुंबी भेटीस येते, पण परत येण्याचा शब्द देत नाही. आधी बोलावे लागेल, म्हणते, आणि मुलाकडे जाण्यासाठी उठते.